सांगूनसवरून आटलेलं तळं

एका जंगलात, बाळांनो, एक तळं होतं. आता नाही. खरं तर गोष्ट एवढीच आहे. पण एवढ्यावर तुम्ही झोपणार नाही, म्हणून सविस्तर सांगतो. सरळ बसा. आणि मध्ये प्रश्न विचारू नका. प्रश्न विचारणाऱ्याचं काय होतं, ते पुढे येणारच आहे.

हे तळं आपोआप झालेलं नव्हतं. जंगलातल्या जनावरांनी मिळून ते खणलं होतं. रानडुकरांनी सुळ्यांनी माती उकरली. गव्यांनी कपाळाने दगड लोटले. माकडांनी झाडावर बसून सूचना केल्या. ज्याचे जसे कष्ट, तसा त्याला तळ्यात हिस्सा मिळाला. सूचनांचे कष्ट जास्त धरले गेले. हिस्सेदारांची मिळून एक मंडळी झाली. तिचं नाव ठेवलं 'अमृतघोट जलसंचय मंडळी'.

सुरुवातीला मंडळीचा कारभार एक म्हातारा गवा बघायचा. त्याला फारसं बोलता येत नसे. कुणी विचारलं, "पाणी किती आहे?" की तो म्हणायचा, "चला," आणि तळ्यावर घेऊन जायचा. जनावरं पाणी बघायची, पोटभर प्यायची आणि घरी जायची. असा सगळा मागासलेला कारभार होता.

गवा वारला. त्याच्या जागी आनंदराव तरस निवडून आले. तरसाच्या घशातून हसल्यासारखा आवाज येतो. जनावरांना वाटलं, गडी स्वभावाने आनंदी दिसतो, आणि त्यांनी त्यांना अध्यक्ष केलं. जंगलात याहून कमी कारणांवरही अध्यक्ष झालेले आहेत.

आनंदरावांचे एक सख्खे मेहुणे होते, दौलतराव. बांधाच्या खालच्या अंगाला त्यांची खरबुजांची वाडी होती. खरबुजाला पाणी लागतं. बायकोच्या शब्दाला घरात वजन असतं. तेव्हा आनंदरावांनी बांधाला एक भोक पाडलं आणि तिथून वाडीपर्यंत पाट काढला. पाटाचं तोंड त्यांनी पळसाच्या पानांनी झाकून टाकलं.

पण त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. पान खडखडलं की ते दचकायचे. चोराला सुखाची झोप नसते, असं तुम्हांला शाळेत शिकवतात ना? ते खरं आहे. त्यावर औषध आहे, हे मात्र शाळेत शिकवत नाहीत.

ते औषध घेऊन एके दिवशी तळ्यावर डॉक्टर शुभ्रकांत बगळे आले. सगळे त्यांना बगळेशास्त्री म्हणत. त्यांचा विषय होता 'प्रकटीकरण'. मंडळी चालवणाऱ्याने हिस्सेदारांना काय सांगावं, किती सांगावं, आणि सांगितल्याने मंडळीची भरभराट होते का, याचा ते बरीच वर्षं एका पायावर उभं राहून अभ्यास करत होते. या अभ्यासाला त्यांना पाणथळ जागाच लागायची. तिथे मासे असत.

त्यांची नजर पळसाच्या पानांवर गेली.

"इथे पाट आहे वाटतं," ते म्हणाले.

आनंदरावांच्या मानेवरचे केस ताठ झाले. "पाट? छे, छे! वाऱ्याने पानं पडलीत."

"आनंदराव, फार जुन्या पद्धतीने चोरी करता हो तुम्ही. पानं काढा."

"आणि?"

"आणि सांगून टाका."

"कुणाला?"

"सगळ्यांना. भर सभेत. पाट आहे, तो मेहुण्यांच्या वाडीला जातो, बांधाला खेकड्यांनी भोकं पाडलीत, ती बुजवलेली नाहीत. काही म्हणून लपवू नका."

"अहो, फाडून खातील मला!"

"लपवलंत तर फाडतील. सांगितलंत तर कौतुक करतील." बगळेशास्त्रींनी एक मासा टिपला, गिळला आणि चोच पुसली. "फक्त एवढंच सांगू नका. याच्या आगेमागे पुष्कळ सांगा."

आनंदराव हसले. या वेळी खरोखरच हसले.

मंडळीची वार्षिक सभा जांभळीखाली भरली. निवेदन करायला सुलोचनाबाई साळुंकी नेमल्या होत्या. आवाज असा गोड, की ऐकणाऱ्याचे डोळे आपोआप मिटावेत. त्यांनी सकाळी सुरुवात केली. आधी मंडळीचं ध्येय सांगितलं. मग मंडळीची दृष्टी सांगितली. ध्येय आणि दृष्टी यांत फरक काय, तेही सांगितलं. तळ्याकाठच्या बेडकांचं मंडळीविषयी काय मत आहे, अध्यक्षांचं झाडांवर किती प्रेम आहे, त्यांच्या आजोबांचं किती होतं, बांधावरच्या गवताचे प्रकार कोणते, हे सगळं आलं. मग फलाहार झाला. फलाहारानंतर ऊन चढलं, माना डुलू लागल्या, आणि सुलोचनाबाई त्याच गोड आवाजात म्हणाल्या,

"अध्यक्षांचे सख्खे मेहुणे श्रीयुत दौलतराव यांच्या खरबुजाच्या वाडीस तळ्यातून पाट काढून देण्यात आला आहे. हा व्यवहार मंडळीच्या हिताचा आहे असं अध्यक्षांचं मत असून मेहुण्यांचंही तेच मत आहे. बांधास भोकं आहेत. ती वाढण्याचा संभव आहे. तळं आटण्याचा संभव आहे. तळं आटल्यास तहान लागण्याचा संभव आहे. आता बांधावरील फुलपाखरांविषयी."

फुलपाखरं संपली तेव्हा शिंगाडे काका उठले. हे एक वयस्कर सांबर. शिंगांचा पसारा मोठा, त्यामुळे त्यांच्या मतालाही मान होता. त्यांचे डोळे पाणावले होते.

"धन्य वाटलं," ते म्हणाले. "एवढा मोठा अध्यक्ष, पण सख्ख्या मेहुण्याचंसुद्धा लपवलं नाही! आमचा तो गवा कधी काही बोलला का? नुसतं पाणी दाखवायचा!"

सगळ्यांनी खूर आपटले. ज्यांना खूर नव्हते त्यांनी शेपट्या आपटल्या.

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "ओ, थांबा की जरा! पाट कुनी काढला म्हनालात?"

सगळ्यांनी नाकं मुरडून मागे पाहिलं. ठकूबाई उभी होती. ठकूबाई म्हणजे रानडुकरीण. अंगभर चिखल, आवाज फाटका, पायांत पिल्लांचं लेंढार. तळ्याच्या पार पलीकडच्या काठाला ती लोळायला जायची आणि तिथला चिखल यंदा कडक झालेला होता. त्यामुळे दुपारी सगळे पेंगत असताना तिला झोप येत नव्हती.

"बाई, ते सांगितलं आहे," सुलोचनाबाई म्हणाल्या.

"सांगितलंत ते ऐकलं मी. बुजवनार कधी, ते इचारते."

"बुजवण्याविषयी निवेदनात काही नाही."

"मंग घाला की निवेदनात!"

"खाली बसा!" शिंगाडे काका ओरडले. "एक तर माणूस मोकळ्या मनाने सगळं सांगतोय, आणि वर त्याला जाब विचारता? अशानं उद्या कुणी सांगणार नाही."

काका बोलण्याच्या भरात आनंदरावांना माणूस म्हणाले. आनंदरावांना ते आवडलं.

ठकूबाई बसली नाही. "आवं, पानी चाललंय आपलं!" ती म्हणाली. "माझ्या सासऱ्यानं सुळा मोडून घेतलाय हितं खनताना. माझी लेकरं उन्हाळ्यात काय पिनार?"

आनंदराव जागेवरून उठले आणि गर्दीतून थेट तिच्यापाशी गेले. सगळ्यांना वाटलं, आता हिचं काही खरं नाही. पण आनंदरावांनी तिच्यापुढे मान लववली.

"ठकूताई," ते म्हणाले, "तुमच्यासारख्यांचीच मंडळीला गरज आहे. बाहेरून ओरडण्यापेक्षा आत या. आम्हांला एक स्वतंत्र सदस्य हवाच आहे. अध्यक्षाशेजारी बसायचं, कारभारावर लक्ष ठेवायचं, जे खटकेल ते बोलायचं. कुणाच्या बापाला भ्यायचं नाही."

ठकूबाईला आयुष्यात कुणी ताई म्हटलं नव्हतं.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला विचारलं. तिचा नवरा गेनू मोजकं बोलायचा.

"आवं, जाऊ का मी?"

"कशापायी?"

"आत बसलं म्हंजे आतलं दिसंल. पाट बुजवायला लावते का न्हाई बघा."

गेनूने कंद उकरता उकरता जरा विचार केला. "ठके, त्यांना पाट बुजवायचा आसता, तर तुला कशाला बलावलं आसतं? माती बलावली आसती."

"तुम्हांला माझं चांगलं झालेलं बघवत न्हाई," ठकूबाई म्हणाली. धाकटी चिमी मध्येच म्हणाली, "आये, तू मोठी होनार?" तेव्हा ठकूबाईचा निर्णय झाला.

जांभळीखाली एक सपाट दगड होता. सदस्यांनी त्याच्यावर बसायचं. पण दगडावर चिखल चालत नसे, म्हणून ठकूबाई आयुष्यात पहिल्यांदा स्वच्छ अंघोळ करून गेली. अंग चोळताना तिला जरा चुकल्यासारखं झालं. पण झाडाखालून तिला बघणाऱ्या हरिणी एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

दगडावर आधीपासून एक स्वतंत्र सदस्य होते, दिवाकर घुबड. मंडळीच्या सगळ्या बैठका दिवसा होत, म्हणून ते गाढ झोपलेले असत.

"काका, उठा की, बैठक सुरू झाली," ठकूबाईने त्यांना ढोसलं.

"मी डोळे मिटून लक्ष देतो," घुबड म्हणाले आणि पुन्हा लक्ष देऊ लागले.

ठकूबाई मात्र बोलली. अगदी ठणकावून बोलली. "पाट बुजवा. भोकं बुजवा. न्हाईतर तळं जातंय."

आनंदरावांनी गंभीरपणे मान हलवली. "ठकूताईंची चिंता फार महत्त्वाची आहे. सुलोचनाबाई, ही चिंता जाहीर करा."

पुढच्या सभेत ती जाहीर झाली. "मंडळीच्या एका स्वतंत्र सदस्या पाण्याविषयी अत्यंत चिंतेत आहेत," असं सुलोचनाबाईंनी सांगितलं. खूर आपटले गेले. कुठल्या मंडळीत अशी चिंता करणारी बाई आहे, असं शिंगाडे काका सगळ्यांना विचारत फिरले. ठकूबाईचा ऊर भरून आला. इतक्या जनावरांनी आपल्याला उचलून धरलं, असं तिला वाटलं. पाट वाहत होता. पण आता त्याच्याविषयी चिंताही वाहत होती.

त्या संध्याकाळी तिच्या दारात खरबुजं आली. दौलतरावांनी पाठवली होती.

"हे नको," गेनू म्हणाला.

"लपूनछपून न्हाई दिली," ठकूबाई म्हणाली. "सुलोचनाबाई जाहीर करनार हाईत, सदस्यांना खरबुजं मिळतात म्हनून. मंग त्यात वंगाळ काय?"

चिमीने खरबुजात तोंड खुपसलं. गोड होतं. तळ्याचं पाणी मेहुण्यांच्या वाडीत गेलं की फारच गोड होतं.

अशी ठकूबाई रुळली. दर बैठकीत ती चिंता व्यक्त करायची. दर सभेत चिंता जाहीर व्हायची. निवेदन वाढत चाललं. आता पूर्ण दिवसही त्याला पुरेना. हळूहळू ठकूबाईचा ठणका कमी झाला. "पाट बुजवा" याच्या जागी "पाटाकडे लक्ष असावं" आलं. मग नुसतं "लक्ष असावं" आलं. दुपारची घुबडांची मान तिच्या खांद्यावर पडायची. मग तिची मान घुबडांच्या खांद्यावर पडू लागली. तिला वाईट म्हणू नका. सपाट दगडावर सावली फार छान पडते, आणि तिथून तळं दिसत नाही.

तळं मात्र दिसण्यासारखं झालं होतं. म्हणजे तळ दिसू लागला होता.

इकडे बगळेशास्त्रींचा अभ्यास पूर्ण झाला. त्यांना एवढंच तपासायचं होतं, की प्रकटीकरण वाढलं तर मंडळीची कामगिरी सुधारते का. कामगिरी कशी मोजायची, हा मोठा प्रश्न होता. पाणी मोजावं, तर ते खाली-वर होतं, त्याचा भरवसा नाही. म्हणून त्यांनी मासे मोजले. पूर्वी ते चोच घालायचे तेव्हा क्वचित मासा लागायचा. आता पाणी इतकं उथळ झालं होतं, की चोच घालावी तिथे मासा.

"निष्कर्ष निघाला," शास्त्री सभेत म्हणाले. त्यांचं पोट सुटलं होतं. "जसजसं निवेदन वाढलं, तसतशी कामगिरी वाढली. संबंध अगदी घट्ट आहे."

त्यांनी आनंदरावांच्या मानेत सोनेरी पीस खोवलं. ते सोन्याचं नव्हतं, बगळ्याचंच हळदीत बुडवलेलं होतं. तसं शास्त्रींनी आधी जाहीर केलं होतं, त्यामुळे कुणाला फसवल्यासारखं वाटलं नाही.

मग उन्हाळा आला. तो निवेदनात नव्हता, असं मात्र म्हणू नका. तो होता.

पाणी मध्यभागी एका डबक्याएवढं उरलं. त्याच्याभोवती वरून वाळलेला आणि आतून ओला असा गाळ. पाय टाकला की पापुद्रा फुटायचा. दोन म्हाताऱ्या नीलगाई त्या गाळातच बसल्या, त्या उठल्या नाहीत. एक हरिणी पाडसाला घेऊन पाण्याच्या शोधात निघाली, ती परतली नाही. जनावरं जांभळीखाली जमली. त्यांना पाणी हवं होतं. आनंदरावांनी ताबडतोब विशेष सभा बोलावली.

सुलोचनाबाईंचा घसाही कोरडा पडला होता, पण आवाज तसाच गोड होता. "तळ्यात गाळ साचला आहे. गाळात हिस्सेदार रुतण्याचा संभव आहे. लहान हिस्सेदारांना हा संभव अधिक आहे..."

दगडावर ठकूबाईचा नुकता डोळा लागला होता. झोपेत तिला पिल्लाचं किंचाळणं ऐकू आलं. तिला वाटलं, निवेदनातच आहे. मग तिने डोळे उघडले.

निवेदनात नव्हतं. तळ्याकडून येत होतं.

ती दगडावरून उडी मारून धावत सुटली. मागून आनंदराव म्हणाले, "ताई, सभा चालू आहे." तळ्याच्या काठाला गेनू पोटावर आडवा झाला होता आणि गाळावरून पुढे सरकायला बघत होता. डबक्याच्या अलीकडे चिमीचं नुसतं नाक दिसत होतं. तिला तहान लागली होती. भावंडांत ती सगळ्यात हलकी, म्हणून आपण पाण्यापर्यंत जाऊ असं तिला वाटलं होतं.

"चिमे, हलू नगंस!" ठकूबाई ओरडली. "आले मी, हलू नगंस, बाय माझी!"

ती गाळात घुसली. छातीपर्यंत गेली. गेनूने तिचा मागचा पाय दातांत धरला. ती सुळ्यांनी गाळ उकरत पुढे गेली आणि नाक दिसत होतं तिथे पोचली. तोवर नाकही दिसत नव्हतं.

चिमी वाचली नाही, बाळांनो. बोधकथेत असं सांगायची पद्धत नाही. पण सगळं जाहीर करायचा हा काळ आहे, म्हणून सांगितलं.

ठकूबाईने पिल्लाला काठावर आणलं. जिभेने चाटून चाटून त्याच्या तोंडावरचा गाळ काढला. ती रडली नाही. मग ती उठली, तशीच गाळाने माखलेली बांधावर गेली, आणि पाटाच्या तोंडाशी सुळे रोवले. माती उकरली, लोटली, दगड ढकलले, वर उभी राहून पायांनी चोपली. दौलतराव वाडीतून ओरडत आले, "अहो, माझे वेल वाळतील!" तिने नुसतं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. ते मागे फिरले.

संध्याकाळपर्यंत पाट बंद झाला. एका बाईने एका दुपारीत बंद केला. तळ्यात तोवर राखण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जनावरं चिडून जांभळीखाली आली. आता मात्र ती खरोखर चिडली होती. "आमचं पाणी कुठे गेलं?" असं सगळी एकदम ओरडत होती. जो प्रश्न एकटीने विचारला तेव्हा असभ्य होता, तो आता सगळ्यांचा झाला होता.

आनंदराव शांत होते. "चौकशी करू," ते म्हणाले. "भर सभेत करू. मी काही लपवलं का? शिंगाडे काका, तुम्हीच सांगा. पाटाचं सांगितलं होतं की नाही?"

काकांनी ओठांवरून कोरडी जीभ फिरवली. "सांगितलं होतं."

"मेहुण्याचं?"

"तेही सांगितलं होतं."

"तळं आटेल, हे?"

"हो. फुलपाखरांच्या आधी."

"मग जे तुम्हांला माहीत होतं, त्याबद्दल मला जबाबदार कसं धरता?"

जनावरं एकमेकांकडे पाहू लागली. खरंच की. सगळ्यांनी ऐकलं होतं. सगळ्यांनी खूर आपटले होते. आता दोष कुणाला द्यायचा? स्वतःला देणं बरं दिसेना.

तेवढ्यात घुबडांनी डोळे उघडले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा दिवसा उघडले. "लक्ष ठेवण्याचं काम सदस्यांचं होतं," ते म्हणाले. "मी झोपतो, हे जाहीर आहे. ठकूबाई झोपतात, हे जाहीर नव्हतं."

सगळ्यांच्या माना ठकूबाईकडे वळल्या. ती गर्दीच्या कडेला उभी होती. अंगावर कालचा गाळ तसाच होता.

"शिवाय," सुलोचनाबाई गोड आवाजात म्हणाल्या, "काल दुपारी पाट बंद करण्यात आला. मंडळीची परवानगी नाही, निवेदन नाही, कुणाला पूर्वकल्पना नाही. मंडळीच्या इतिहासात न सांगता झालेली ही एकच गोष्ट आहे."

"आणि खरबुजं!" माकड ओरडलं. "खरबुजं खाल्ली हिने!"

ठकूबाई पुढे आली. "खाल्ली," ती म्हणाली. "खोटं न्हाई सांगत. ताई म्हनले, भुलले. सावलीत बसवलं, झोपले. माझं लेकरू गेलं, ते माझ्या झोपेत गेलं. जलमभर उरात ऱ्हाईल ते." ती थांबली. मग शिंगाडे काकांकडे बघून म्हणाली, "पर मला निदान खरबुजं मिळाली, काका. तुम्ही कशापायी खूर आपटलेत?"

आणि सगळे एकदम खवळले. तळं आटल्यावर खवळले नव्हते, चिमी गेल्यावर खवळले नव्हते, इतके या प्रश्नावर खवळले. शिंगाडे काकांनी शिंगं रोखली. माकडांनी दगड उचलले. ठकूबाईला मंडळीतून आणि जंगलातून काढून टाकल्याचं सुलोचनाबाईंनी तिथल्या तिथे जाहीर केलं.

गेनूने उरलेली पिल्लं गोळा केली. "चल, ठके," तो म्हणाला. एवढंच म्हणाला. 'मी सांगितलं होतं' असं तो म्हणाला नाही. त्या जंगलात तसं न म्हणणारा तो एकटाच होता.

डोंगर ओलांडून ते दुसऱ्या रानात गेले. तिथेही एक तळं होतं, काठोकाठ भरलेलं. ते एक पाणमांजर सांभाळायचं. पिल्लं धावत गेली आणि पाण्यात तोंडं घालून पीत राहिली. पाणमांजराने विचारलंही नाही की तुम्ही कोण, कुठले. ते बांधाचा एक दगड नीट बसवत होतं.

काही दिवसांनी त्या रानात गडबड उडाली. पलीकडच्या जंगलात सोनेरी पीस मिळालेले एक अध्यक्ष आहेत, ते आपलं तळं सांभाळायला यायला तयार आहेत, अशी बातमी होती. त्यांच्यासोबत एक शास्त्रीही येणार होते. त्या जंगलातले मासे संपले होते म्हणे.

रानातली जनावरं हरखून गेली. "आपलं पाणमांजर कधी काही सांगतच नाही," एक भेकर म्हणालं. "तळं भरलेलं आहे, ते ठीक आहे. पण त्यामागे काय आहे, कुणाला ठाऊक?"

ठकूबाईने ते ऐकलं आणि ती धावत सभेत गेली. धाप लागेपर्यंत तिने सगळं सांगितलं. पाट, मेहुणा, खरबुजं, निवेदन, नीलगाई. शेवटी चिमीचंही सांगितलं.

जनावरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ते भेकर म्हणालं,

"बाई, तुमच्या लेकराचं वाईट वाटलं. पण तुम्ही नवीन काहीच सांगितलं नाहीत. यातलं अक्षर न् अक्षर आनंदरावांनी आम्हांला स्वतःहून कळवलं आहे. मेहुण्यांचंसुद्धा."

भेकराचे डोळे भरून आले.

"किती प्रामाणिक असेल हा गृहस्थ!"

आणि सगळ्यांनी खूर आपटले.

तात्पर्य : बाळांनो, नेहमी खरं बोलावं. काहीही लपवू नये. खोटं बोलणाऱ्याला रोज पळसाची पानं गोळा करावी लागतात. खरं बोलणाऱ्याचं तसं नसतं. त्याने फक्त इतकं बोलावं, इतक्या गोड आवाजात बोलावं आणि इतका वेळ बोलावं, की ऐकणाऱ्याला उठून तळ्याकडे बघायला सवड मिळू नये. मग तळं त्याचंच.